पोरांचं लक्ष नव्हतं म्हणून?

वर एकांनी लिहिलंय की कारखान्यातली अप्रेंटिस (शिकाऊ) पोरं मोबाईलच्या नादात मशीनमध्ये बोटं घालवतात. मला नाही पटलं. मी भोसरीत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनवर, बारा वर्षं काढलीत, दोन हातांची बटणं असतात ती स्ट्रोक पडताना (प्रेस खाली येताना) दोन्ही हात डायच्या, म्हणजे साच्याच्या, बाहेर राहावेत म्हणूनच, पण प्रॉडक्शन वाढवायला एक बटण बांधून ठेवतात नाहीतर हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर बायपास करतात आणि आयटीआयमधून आलेल्या नव्या पोराला वाटतं मशीन असंच चालवतात, त्याला सांगणार कोण? सुपरवायझरला विचारायची पण भीती.

आणि अपघात झाल्यावर "तो कामगार नव्हता, शिकाऊ होता" हे अजिबात ऐकून घेऊ नका, अप्रेंटिस ॲक्ट १९६१ च्या कलम १६ प्रमाणे भरपाई मालकालाच द्यावी लागते. अप्रेंटिसशिपच्या कराराची कॉपी पोरांना पहिल्याच दिवशी घरी ठेवायला सांगा.