भाचीचं रेस्पिरेटरी थेरपी – अर्जंट, शनिवारी फी भरायचीये

मंडळी, भाची बारावी झाली, राहते नाशकात म्हसरूळला. बहिणीचं म्हणणं हेल्थ युनिव्हर्सिटी घरापासून दहा मिनिटांवर, मग बीएस्सी रेस्पिरेटरी थेरपी (श्वासाचा त्रास असलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना सांभाळायचं शिक्षण) तिथेच करू दे, नंतर तू अमेरिकेत ने. चालते का ती डिग्री इकडे? मागच्या फार्मसीवाल्या मुलासारखं नको व्हायला.
– बेबीताई

ताई, सध्या नाशकातच आहे म्हणून सांगतो. दिंडोरी रोडला आहे ते विद्यापीठ, १९९८ पासूनचं, कॉलेजं त्याला राज्यभर जोडलेली. तेव्हा घराजवळ विद्यापीठ म्हणून भागत नाही, फी नेमकी कुठल्या कॉलेजात भरताय ते विचारा. बाकी थंडी मस्त, मिसळ झाली.
– नाना

नाना मिसळ राहू दे. बेबीताई, फी थांबवा. इथे अमेरिकेत टीएमसी, म्हणजे रेस्पिरेटरी थेरपिस्टच्या परीक्षेला बसायचं तर सीओएआरसीची (इथल्या या कोर्सना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या कोर्सची कमीत कमी असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची डिग्री लागते, तिकडची बीएस्सी कितीही चांगली असली तरी इथे परत दोनेक वर्षं आहेतच. टीएमसीला दोन कट-ऑफ, खालचा पार केला की सीआरटी ही पहिली पायरी, वरचा केला तरच सिम्युलेशन परीक्षा आणि मग आरआरटी ही वरची पायरी. वर राज्याचं लायसन्स, अलास्का सोडून सगळीकडे. मी हे अडतिसाव्या वर्षी केलंय. पहिल्या एबीजीला, म्हणजे धमनीतलं रक्त तपासायला काढताना, आधी हाताला रक्त नीट पोचतं का बघायला पेशंटच्या मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबल्या, मूठ वळून उघडायला लावली, तळवा पांढराफटक, करंगळीकडची धमनी सोडली आणि लाली परत येईपर्यंत माझाच श्वास अडकलेला. सुई काढल्यावर पाच मिनिटं बोळा दाबून उभी, तर आजोबा विचारतात, बाळा तू बरी आहेस ना. मुलीला आधी एखाद्या आयसीयूत दोन दिवस उभं करा, सक्शन, म्हणजे नळीने कफ ओढून काढणं, बघून टिकली तर पुढचं बोलू.
– माई

माईंचं बरोबर, पण व्हिसाचं कोण बोलणार? दोन वर्षांच्या डिग्रीवर एच-वन कठीण. आखातात मात्र आपल्याकडची बीएस्सी घेतात, माझा चुलतभाऊ तिकडे व्हेंटिलेटरच सांभाळतो. आणि असले प्रश्न आधी मंडळाच्या करिअर कमिटीकडे पाठवायचे ठरलंय, मिनिट्समध्ये आहे.
– बापू

बापू, कमिटीला जूनमध्ये मेल केलेलं, अजून उत्तर नाही.
– बेबीताई

जूनमध्ये मी पिकनिकच्या बसचं बघत होतो ताई, ते पण मीच बघायचं. आणि बसचे पैसे अजून तिघांकडून यायचेत.
– बापू

माझे दिलेत. फी थांबवली, बहीण रुसलीय. म्हणते मग दिंडोरी रोडला एवढी मोठी बिल्डिंग बांधलीय कशाला.
– बेबीताई