वकिलीतली कमाई पुण्याला का? हरिसिंह गौरांनी ती सागरला दिली

तापीकाठ:
खान्देशात पैसा नाही असं कुणी म्हणू नये. केळीत आहे, कापसात आहे, सराफ्यात आहे. जमिनीच्या आणि भूसंपादनाच्या दाव्यांवर आपल्याकडे वकिलांच्या तीन-तीन पिढ्या उभ्या राहिल्या. त्यातलं किती इथल्या शिक्षणात परत आलं? मुलं पुण्याला, फ्लॅट पुण्याला, आणि द्यायची वेळ आली की देणगीही पुण्याला.

म्हणून डॉ. हरिसिंह गौर यांच्याबद्दल लिहितोय. जन्म १८७० चा, मध्य प्रदेशातल्या सागर गावचा, घरची परिस्थिती बेताची. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकले, केंब्रिजला गेले, बॅरिस्टर झाले. रायपूर-नागपूरला वकिलीत नाव आणि पैसा दोन्ही मिळवलं. दंडसंहितेवरचे त्यांचे ग्रंथ वकिलांच्या कपाटात पिढ्यान्‌पिढ्या राहिले. दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू तेच, पुढे नागपूर विद्यापीठाचेही. असा माणूस नागपुरात किंवा दिल्लीत काहीही उभारू शकला असता. त्यांनी १९४६ साली पदरचे २० लाख रुपये घालून विद्यापीठ काढलं ते सागरला. वय पंचाहत्तर. पहिले वर्ग सागरजवळच्या मकरोनियाच्या लष्करी बराकींत भरले, आणि पहिले कुलगुरूही तेच झाले.

आता आपलं बघा. आपली कॉलेजं आधी मुंबईला जोडलेली, मग पुण्याला. जळगावला विद्यापीठ आलं १९९० साली. म्हणजे सागरच्या ४४ वर्षांनंतर! तोवर शहाद्याच्या पोराला गुणपत्रिकेतलं नाव दुरुस्त करायचं तरी पुण्याची वारी. इथल्या एखाद्या बड्या वकिलाने गौरांसारखं मनावर घेतलं असतं तर दोन पिढ्यांची पायपीट वाचली असती, असं माझं ठाम मत आहे.

गिरणाखोरं:
दादा, गौरांबद्दल आदर आहेच, पण निष्कर्ष पटत नाही. एकाच्या तिजोरीवर विद्यापीठ सुरू होतं, चालत नाही. सागरचं विद्यापीठसुद्धा २००९ साली केंद्रीय झालं, तेव्हापासून खर्च दिल्लीवर. पगार, प्रयोगशाळा, पेन्शन, हे कुठल्याही मृत्युपत्रात मावत नाही. शिक्षण देणं सरकारचं काम आहे आणि त्यासाठी आपण कर भरतो. जिथे दाता निघाला तिथे विद्यापीठ आणि जिथे नाही तिथे अंधार, हा न्याय मला मान्य नाही. १९९० साली आपल्याला विद्यापीठ मिळालं ते उशिरा मिळालं, पण हक्काने मिळालं.

अमळनेरकर:
इथे कुणी दिलंच नाही, असा सूर लावू नका. आमच्या गावात श्रीमंत प्रताप शेठजी होऊन गेले. वकील नव्हते, गिरणीमालक होते. १९१६ साली त्यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, आणि तेही अमळनेरात! साने गुरुजी ज्या शाळेत शिकवायचे ती प्रताप हायस्कूल. नंतर कॉलेज झालं, तेही त्यांच्याच नावाने. मिल बंद पडली, कॉलेज चालू आहे. म्हणून गिरणाखोरं, तुमचाही मुद्दा अर्धाच. सरकारला जाग यायची होती तेव्हा इथल्या मुलांना वर्गात बसवलं ते शेठजींसारख्यांनी.

धुळ्याची वकील:
मी दिवाणी बाजू चालवते, म्हणून वेगळं सांगते. तुम्ही सगळे २० लाखांवर अडकलात. गौरांचं मोठं काम मला त्यांच्या कायदेमंडळातल्या वर्षांत दिसतं.

आपल्या शेजारच्या नाशिकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. तरी बाई म्हणून कोर्टात वकील म्हणून उभं राहण्याचा हक्क नव्हता, जवळजवळ तीस वर्षं. १९२१ साली अलाहाबाद हायकोर्टाने त्यांची नोंद केली, आणि देशभरातली आडकाठी गेली ती १९२३ च्या कायद्याने. मध्यवर्ती कायदेमंडळात हा विषय लावून धरणाऱ्यांत गौर पुढे होते. आज मी काळा कोट घालते त्यात त्यांचा वाटा आहे.

दुसरं, त्याच वर्षीची विवाह कायद्यातली दुरुस्ती. १८७२ च्या कायद्याने नोंदणी लग्न करायचं तर आपण हिंदू नाही, बौद्ध नाही, असं लिहून द्यावं लागायचं. हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्या आपसातल्या लग्नांपुरती ती अट गौरांच्या विधेयकाने गेली. आजही माझ्याकडे आंतरजातीय जोडपी येतात. नोटीस महिनाभर फलकावर लागते, आणि तेवढ्यात मुलीचे काका-मामा दोन गाड्या भरून ऑफिसबाहेर येऊन उभे राहतात. अशा मुलीच्या बाजूने फी न घेता उभा राहणारा वकील मला देणगीदारापेक्षा मोठा वाटतो.

तापीकाठ:
ताई, कायद्याचं काम मोठं, मान्य. पण गौरांनी दोन्ही केलं ना? कायदे केले म्हणून पैसा स्वतःकडे ठेवला नाही. आपल्याकडे एक केलं की दुसऱ्यातून सुटका मागतात.

साक्रीचा मास्तर:
दादा, तुमनं म्हननं बराबर शे, पन विद्यापीठ आते जळगावले शेच. प्रश्न तिथवर पोचायचा आहे. मी धडगाव तालुक्यात शिकवतो. बारावी झालेल्या पावरा आदिवासी मुलीला पुढे शिकायचं तर आधी एसटीने घाट उतरून नंदुरबार, तिथून सुरत-भुसावळ लाइनची गाडी. जळगावला उतरल्यावर राहायचं कुठे? वसतिगृहाच्या यादीत नाव लागेपर्यंत सत्र निम्मं सरतं, आणि बाप तोवर तिला घरी घेऊन जातो. ज्याला द्यायचं असेल त्याने या मुलींसाठी चार खोल्या आणि एक स्वयंपाकीण द्यावी. त्याला २० लाखांचा दाता लागत नाही, आणि सरकारी मंजुरीची वाटही बघावी लागत नाही.

गिरणाखोरं:
मास्तर, खोल्या द्याव्यात, मीही देईन. पण यादी वेळेवर का लागत नाही, हे विचारणं सोडू नका. देणगीने ती फाइल हलत नाही.

तापीकाठ:
मग तिन्ही जिल्ह्यांच्या वकील संघांपुढे हाच प्रस्ताव ठेवू. जळगावला मुलींसाठी घर, भाडं वकिलांनी भरायचं.

धुळ्याची वकील:
ठेवा, मी सही करते. त्यात एक कलम माझं घाला. ज्युनिअरला दरमहा ठरावीक रक्कम दिल्याशिवाय कुणाचंही नाव देणगीदारांच्या यादीत जाणार नाही. खेड्यातून आलेली पोरं सनद घेतात, दोन-तीन वर्षं सिनिअरच्या फाइली उचलतात, चहापाण्यापुरतंही हातात पडत नाही, आणि शेवटी एमआयडीसीत कामाला लागतात. त्यातल्या दोघींना मी ओळखते.

अमळनेरकर:
या कलमावर बरेच बडे वकील सही करणार नाहीत, ताई.

धुळ्याची वकील:
कोण करत नाही ते बैठकीतच कळू दे.