विषय सुटतो, गोडी का सुटत नाही?

जिज्ञासू: इंद्रियं आवरली तरी मन तिथेच घुटमळतं. दमात, म्हणजे इंद्रियं आवरण्यात, कुठे चुकतंय?

पैलतीर: चूक नाही, दमाची मजलच तेवढी. गीता २.५९ बघा: निराहाराचे, म्हणजे भोग न घेणाऱ्याचे, विषय (इंद्रियांच्या भोगवस्तू) मागे फिरतात, रस म्हणजे गोडी उरते. ती परतत्त्व, म्हणजे परब्रह्म, दिसल्यावरच जाते.

साक्षी: मान्य, पण तोवर हातावर हात धरून बसायचं का? २.६२ची साखळी घ्या: चिंतन, आसक्ती, काम, क्रोध. काम पेटल्यावर अडवाल तर दमछाकच. चिंतनाच्या कडीलाच पकडा, हा शम, म्हणजे मन आवरणं. ‘हवंय’ उठलं की ते कुणाला कळलं, हे पाहा. इच्छा दृश्य आहे, म्हणजे पाहिली जाणारी; पाहणारा आत्मा तिच्याहून वेगळा. म्हणजे ती अंतःकरणाचा (मनाचा) धर्म, आत्म्याचा नव्हे.

पैलतीर: फक्त ‘मी साक्षी’ (नुसता पाहणारा) म्हणत भोग चालू ठेवू नका, ही नेहमीची पळवाट. शंकराचार्यांनी शमदमादी साधनं ब्रह्मजिज्ञासेच्या, म्हणजे ब्रह्म जाणण्याच्या विचाराच्या, आधीच ठेवलीत.