ड्राइव्ह बसवल्यापासून मोटर दोनदा जळाली: नवी मोटर घ्यावी की फिल्टर लावावा?

धागाकर्ता:
नमस्कार. मी एका साखर कारखान्याच्या विद्युत विभागात काम करतो. आमच्या इंजेक्शन पंपाची ५५ किलोवॅट, ४१५ व्होल्टची मोटर अनेक वर्षे स्टार-डेल्टा स्टार्टरवर बिनतक्रार चालली. मागच्या हंगामाआधी वीज वाचावी म्हणून तिला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवला. ड्राइव्ह पॅनल रूममध्ये आहे आणि तिथून मोटरपर्यंत सुमारे ९० मीटर केबल आहे. तेव्हापासून मोटर दोनदा जळाली, तीही ऐन गाळपात. दुसऱ्यांदा जळण्याच्या चारच दिवस आधी मेगर (इन्सुलेशन तपासायचे यंत्र) २०० मेगओहम दाखवत होते आणि करंटही नेमप्लेटच्या आत होता. मोटर उघडली तेव्हा बाकी वाइंडिंग स्वच्छ होते. फक्त एका फेजच्या लीडजवळच्या पहिल्या कॉइलमध्ये, स्लॉटच्या तोंडाशी, बोटाच्या पेराएवढा भाग काळा पडून तांब्याचा मणी झाला होता. आता ड्राइव्हवर चालण्यासाठी बनवलेली नवी (इन्व्हर्टर ड्यूटी) मोटर मागवावी की आहे तीच वाचवता येईल?

प्रतिसाद १:
जळालेली जागाच कारण सांगते आहे. ४१५ व्होल्टवर ड्राइव्हचा डीसी बस, म्हणजे आतला डीसी व्होल्टेज, सुमारे ५८७ व्होल्ट असतो, आणि आयजीबीटी (ड्राइव्हमधले इलेक्ट्रॉनिक स्विच) तो जेमतेम ०.१ मायक्रोसेकंदात चालू किंवा बंद करतात. केबलमधून व्होल्टेजची लाट मायक्रोसेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने जाते. त्यामुळे इतक्या तीव्र चढाला सात-आठ मीटर केबलसुद्धा लांब ठरते, लाट मोटरच्या टर्मिनलवरून परतते आणि तिथला उच्चांक जवळपास दुप्पट, म्हणजे ११७० व्होल्टच्या घरात जातो. हा झटका सगळ्या वेढ्यांत सारखा वाटला जात नाही, त्याचा मोठा भाग पहिल्या काही वेढ्यांवरच पडतो. हाताने भरलेल्या कॉइलमध्ये पहिला वेढा शेवटच्या वेढ्याला खेटून बसलेला असू शकतो. मधल्या हवेच्या पोकळीत सूक्ष्म विद्युत विसर्जन (बारीक ठिणग्या) सुरू होते आणि ते तारेवरचे इनॅमल हळूहळू खात जाते. मेगर बॉडीशी असलेले इन्सुलेशन मोजतो, वेढ्यावेढ्यांमधले नाही, म्हणून २०० मेगओहमवर विसंबू नका. त्यासाठी वाइंडिंगला व्होल्टेजचे झटके देऊन पाहणारी सर्ज टेस्टच करावी लागते.

माझा सल्ला असा की आधी ड्राइव्हच्या आउटपुटला, ड्राइव्हपाशीच, डीव्ही-डीटी फिल्टर (व्होल्टेजचा चढ मंदावून उच्चांक आवरणारा) बसवा, मोटरचा विचार नंतर करा. साधा चोक लाटेचा चढ थोडा मंदावतो, पण उच्चांक खात्रीने खाली आणत नाही. फिल्टर मागवताना केबलची लांबी आणि कॅरिअर फ्रिक्वेन्सी (ड्राइव्हचे स्विच सेकंदाला किती वेळा चालू-बंद होतात ती) दोन्ही कळवा, कारण त्याची क्षमता त्यांवरच ठरते. तुमची कॅरिअर किती आहे?

धागाकर्ता:
८ किलोहर्ट्झ. मोटरचा आवाज कमी व्हावा म्हणून ठेवली होती.

प्रतिसाद १:
पंपाजवळ आवाजाची फिकीर कोणाला आहे? ४ किलोहर्ट्झवर आणा. उच्चांक त्याने घटणार नाही, पण दर सेकंदाला बसणारे झटके निम्मे होतील.

प्रतिसाद २:
माझे रिवाइंडिंगचे वर्कशॉप आहे. अशा मोटरी आमच्याकडे दर हंगामात येतात आणि बहुतेकांना पूर्वी एकदाच वार्निशमध्ये बुडवून भट्टीत टाकलेले असते. वाइंडरला कॉरोना-रोधक (अशा विसर्जनाला टिकणाऱ्या) इनॅमलची तार वापरायला सांगा, ओव्हरहँगमध्ये (स्लॉटबाहेर आलेल्या कॉइलच्या भागात) फेजांच्या मधला कागद नीट घालून घ्या, लीडकडच्या पहिल्या वेढ्यांवर स्लीव्ह चढवा आणि शक्य असेल तर निर्वातात रेझिन भरून घ्या, कारण पोकळी उरली नाही तर विसर्जनाला जागाच राहत नाही. जुने वाइंडिंग काढताना तारांवर, विशेषतः वेगळ्या फेजच्या कॉइल जिथे भिडतात तिथे, पांढरी भुकटी दिसते का ते बघा. दिसली तर हे दुखणे नक्की समजा.

प्रतिसाद ३:
पुढे कधी नवी मोटर घ्यायची झाल्यास केवळ ‘क्लास एफ’ वाचून घेऊ नका. तो १५५ अंशांचा तापमानाचा दर्जा आहे, झटक्यांचा नाही. आयईसी ६००३४-१८-४१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ताणाची श्रेणी विचारा. बसच्या दुप्पट व्होल्टेजपर्यंतची श्रेणी ‘सी’ आहे, आणि फिल्टर नसेल तर तुमच्या केबलला त्याखालची चालणार नाही.

धागाकर्ता:
सर्वांचे आभार. आज मोटर पुन्हा उघडून पाहिली. ओव्हरहँगमध्ये दोन ठिकाणी पांढरी भुकटी सापडली. रिवाइंडिंग वर सांगितल्याप्रमाणेच करून घेतो, फिल्टरची मागणी नोंदवतो आणि बॉयलर अग्निप्रदीपनाआधी सर्ज टेस्ट घेऊन तिचा निकाल याच धाग्यात देतो.