एकनाड म्हणून चांगलं स्थळ सोडायचं का?

पंचांगी
कांदेपोह्यांच्या आधीच गाडी पत्रिकेवर अडते. 36 पैकी 28 गुण जुळले तरी ‘एकनाड येतेय हो’ (म्हणजे दोघांची नाडी एकच) म्हणून फोन. आता हिशोब बघा. 27 नक्षत्रं आद्य, मध्य, अंत्य नाडीत नऊ-नऊ वाटलेली, म्हणजे साधारण दर तिसरी जोडी एकनाड निघणारच. मंगळ पत्रिकेतल्या 1, 4, 7, 8, 12 यांपैकी कुठल्याही घरात असला की पत्रिका मंगळाची. बारातली पाच घरं! दोन्ही चाळण्या लावल्यावर उरतं कोण?

गुणमेलक
अर्धवट वाचून दिलेला नकार शास्त्राच्या माथी कशाला? एकच रास पण नक्षत्रं वेगळी, किंवा एकच नक्षत्र पण चरण वेगळे असतील तर नाडीदोष धरत नाहीत. बरीच ॲपं हे न बघता सरळ नाडीचे 8 गुण कापतात. जन्मवेळेचंही तसंच. पत्रिकेतली घरं जिच्यापासून मोजतात ती लग्नरास (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) साधारण दोन तासांनी बदलते, त्यामुळे वीस मिनिटांच्या चुकीनेही मंगळ लागू शकतो किंवा सुटू शकतो. नक्षत्र जवळजवळ दिवसभर तेच असतं. वेळ अंदाजे असेल तर मंगळावरून वाद नको, नाडी बघा.

शंकासुर
नाडी बघायची संततीसाठी ना? मग ‘एकनाड म्हणजे एकच रक्तगट’ हे कुठून आलं? नक्षत्राचा रक्तगटाशी संबंध नाही आणि नवराबायकोचा रक्तगट एक असण्यात धोकाही नाही. आणि मामाची मुलगी करतात तिथे? नाड्या वेगळ्या आल्या की सगळे खूश. आते-मामे भावंडांची सुमारे एक अष्टमांश जनुकं सामाईक असतात, ते कुठल्या कोष्टकात बसवणार?

थेंबभर
कर्मठ ज्यू समाजातही स्थळं मध्यस्थच जुळवतात. तिथे 1983 पासून ‘दोर येशोरीम’ या संस्थेचा कार्यक्रम चालतो. मुलामुलींचं रक्त आनुवंशिक आजारांसाठी आधीच तपासून प्रत्येकाला फक्त एक क्रमांक देतात. स्थळ आलं की दोन्ही क्रमांक कळवायचे; जोडी जुळते की नाही तेवढंच उत्तर मिळतं. कोण कशाचा वाहक (स्वतः आजारी नाही, पण आजाराचं जनुक मुलाला देऊ शकणारा), याची गावभर चर्चा नाही.
आपल्याकडे सिंधी-लोहाणांत थॅलेसेमिया, गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासींत सिकलसेल जास्त; दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार. सीबीसीत (रक्ताची साधी तपासणी) एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, 80 च्या खाली आला तर एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करावी. त्यातला एचबीए2 हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर म्हणजे बहुधा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक. मात्र लोह कमी असेल तर हा आकडा खाली येऊन वाहक निसटू शकतो. दोघंही वाहक असतील तरच प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजर (गंभीर आजार) होण्याचा 25 टक्के धोका. एकच वाहक असेल तर मूल थॅलेसेमिया मेजर होत नाही.

गुणमेलक
हे लग्नाच्या बाजारात समजावणार कोण? मुलीचा रिपोर्ट ‘मायनर’ आला की पुढची स्थळंही गेली. ‘पत्रिका जुळत नाही’ म्हटलं की निदान कोणी दुखावत नाही, कारण विचारत नाही. मध्यस्थांना ही पळवाट लागतेच.

शंकासुर
कोणी दुखावत नाही? ‘मंगळाची मुलगी’ हा शिक्का मग कोणाच्या कपाळी बसतो?

थेंबभर
म्हणूनच एकट्या मुलीचा रिपोर्ट मागायचा नाही. पसंती झाल्यावर, पण साखरपुड्याची तारीख धरण्याआधी, दोघांचं रक्त एकाच दिवशी द्यायचं. रिपोर्ट दोघांच्याच हातात, मध्यस्थाच्या नाही. हॉल बुक झाल्यावर तपासणी केली तर रिपोर्ट कोणी उघडूनही बघत नाही.