मुलगी कॅथलिक, होस्ट कुटुंब बॅप्टिस्ट. वर्षभर चर्चचं कसं जमवायचं?

वसईची_आई (प्रश्न)

नमस्कार. माझी धाकटी सोळा वर्षांची आहे. एक्स्चेंज कार्यक्रमातून ऑगस्टमध्ये एका वर्षासाठी अमेरिकेत हायस्कूलला चालली आहे, जे-१ व्हिसावर. परवा होस्ट कुटुंबाची माहिती आली. नेब्रास्कातलं छोटं गाव, नवरा-बायको, दोन मुली, एक म्हातारा कुत्रा. फोटोत घरामागे लांबपर्यंत मक्याचं शेत दिसतं. माणसं बघूनच चांगली वाटली. पण धर्माच्या रकान्यात लिहिलंय, 'बॅप्टिस्ट, रविवारी सकाळी आणि बुधवारी संध्याकाळी चर्च.' बॅप्टिस्ट म्हणजे प्रोटेस्टंटांपैकी एक पंथ.

आम्ही वसईतल्या गासकडचे कॅथलिक. घरात रोज संध्याकाळी रोजरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना होते, सासूबाई सांगतात आणि आम्ही मागून म्हणतो. मुलीचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायचा संस्कार, गेल्याच वर्षी झालं. सासूबाईंनी माहिती ऐकली आणि एवढंच विचारलं, "तिकडं तिला मिस्सा कुठं मिळणार?" मिस्सा म्हणजे आमची चर्चमधली रविवारची उपासना. मला उत्तर देता आलं नाही.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. पोर फार भिडस्त आहे. कुणी काही वाढलं तर नको म्हणत नाही, पोट भरलं असलं तरी खाते. तिथल्या लोकांनी प्रेमानं म्हटलं की आमच्यासारखी प्रार्थना कर, आमच्या चर्चमध्ये परत बाप्तिस्मा घे, तर ती नाही म्हणू शकेल का? तिचे पप्पा म्हणतात, कुटुंब बदलून मागू. मला तेही पटत नाही. ज्यांनी न बघता आपल्या पोरीला घरात घ्यायची तयारी दाखवली, त्यांना धर्म विचारून नाकारायचं?

कुणाला अनुभव असेल तर सांगा. त्यांना आधी पत्र लिहावं का? लिहिलं तर काय लिहावं?

नंदाखालची_मास्तरीण

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०११ साली मी तुमच्या मुलीच्याच वयाची होते आणि अशाच एका घरी गेले होते. कॅन्सस, दोन हजार वस्तीचं गाव, बॅप्टिस्ट कुटुंब. आज मी शाळेत शिकवते, पण ते वर्ष अजून स्पष्ट आठवतं. म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्याच रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि पेला घ्यायचा विधी. आपल्यासारखं रांगेत पुढं जायचं नसतं. बाकावर बसल्या जागी थाळी हातोहात येते. एका थाळीत बिस्किटाचे बारीक तुकडे, दुसरीत औषधाच्या मापासारखे इवलेसे प्लास्टिकचे पेले आणि त्यात द्राक्षाचा रस. वाईन नसते. थाळी माझ्यापर्यंत आली. आपण कॅथलिकांनी त्यांच्या चर्चमधलं प्रभुभोजन घेऊ नये हे मला ठाऊक होतं, फादरांनी निघताना सांगितलं होतं. पण शेजारी होस्ट आई, पलीकडे होस्ट आजी, सगळी माझ्याकडे हसून बघत होती. मी घेतलं. रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडले. आणि पुढचे तीन आठवडे कुणाला काहीच बोलले नाही. आईलासुद्धा नाही, फोनवर "सगळं मस्त आहे" म्हणत राहिले.

त्यांनी मला काहीही बळजबरी केली नव्हती. ती थाळी पुढं दिली की मी आपोआप पुढच्याला देईन, असंच त्यांना वाटलं असणार. मी कॅथलिक आहे हे त्यांनी अर्जात वाचलं होतं, पण कॅथलिक मुलीच्या मनात अशा वेळी काय चालतं हे त्यांना कोण सांगणार? सांगायला मीच होते, आणि मी गप्प होते.

उलगडा झाला तो रोजरीमुळे. मी ती उशीखाली ठेवायची, दिवा मालवल्यावर म्हणायची. एका शनिवारी होस्ट आईनं चादरी धुवायला काढल्या. शाळेच्या सामन्यावरून परत आले तर पलंग नीट घातलेला, आणि शेजारच्या टेबलावर एका छोट्या निळ्या बशीत रोजरी ठेवलेली, क्रूस वर येईल अशी. बशी त्यांच्या चांगल्या सेटमधली होती, सणालाच काढायच्या त्यातली. जेवताना तिनं विचारलं, "ही कशी म्हणतात? मला कुणी कधी दाखवलं नाही." त्या रात्री मी सगळं सांगितलं. थाळीचं, पेल्याचं, मिस्साचं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी आधी विचारायला हवं होतं."

आता कामाचं. तिकडच्या खेडेगावात कॅथलिक चर्च गावातच असेल असं नाही, आणि एक्स्चेंजच्या मुलांना गाडी चालवायची परवानगी नसते. म्हणजे कुणीतरी नेल्याशिवाय मिस्सा नाही. पण बहुतेक पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक कॅथलिक चर्चमध्ये, शनिवारी संध्याकाळी मिस्सा असते आणि ती रविवारचीच धरतात. आमच्यासाठी हाच मार्ग निघाला. शनिवारी पाचची मिस्सा वीस मैलांवर, रविवारी सकाळी कुटुंबासोबत त्यांच्या चर्चला. तिथं गाणी म्हणायची, प्रवचन ऐकायचं, थाळी आली की हसून पुढं द्यायची. होस्ट आई पहिले दोन-तीन शनिवार बाहेर गाडीत पुस्तक वाचत बसली. थंडी पडल्यावर आत येऊन शेवटच्या बाकावर बसू लागली. मे महिन्यापर्यंत कधी उभं राहायचं आणि कधी गुडघ्यावर यायचं हे तिला पाठ झालं होतं.

बुधवारचंही सांगते. तिकडं बुधवारची संध्याकाळ चर्चची धरतात, शाळासुद्धा त्या दिवशी शक्यतो सामने ठेवत नाहीत. चर्चच्या तळघरात तरुण मुलांचा गट जमतो. पिझ्झा, खेळ, मग बायबल. ताई, तिला तिथं जाऊ द्या. माझ्या मैत्रिणी तिथंच झाल्या. मात्र तिथं एक प्रश्न हमखास येतो, "तुझं तारण कधी झालं?" बॅप्टिस्ट लोक तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसानं समजून-उमजून स्वतः विश्वास ठेवायचा आणि मग पूर्ण पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यायचा, अशी त्यांची श्रद्धा. त्यामुळे "मी बाळ असतानाच झाला" हे उत्तर त्यांना पुरत नाही. हा प्रश्न मनाला लावून घेऊ नये. त्यांच्यात तो काळजीपोटी विचारतात.

मी काय केलं सांगते. एका बुधवारी नकाशावर वसई दाखवली. आमच्या भागात सोळाव्या शतकापासून चर्च आहेत म्हटल्यावर होस्ट बाबांनी दोनदा विचारलं, सोळाव्या? भारतात ख्रिस्ती धर्म अमेरिकन मिशनऱ्यांनी नेला अशी त्यांची समजूत होती. मग संत गोन्सालो गार्सियांची गोष्ट सांगितली. आपल्या वसईत जन्मलेला माणूस, १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रूसावर मारला गेला. तळघरात पिझ्झा खाणारी वीस पोरं एकदम शांत झाली. त्यानंतर मला तारणाचं कुणी विचारलं नाही. वसईचं विचारू लागली.

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य, हेही आधी सांगायला लावा. सांगितलं नाही तर ताटात बर्गर येणार आणि पोर गुपचूप खाणार किंवा गुपचूप उपाशी राहणार. आमच्या त्या पॅरिशच्या हॉलमध्ये त्या शुक्रवारी तळलेल्या माशांचं जेवण असायचं, चर्चचे लोकच रांधायचे. आपल्या बोंबलाची सर नाही त्याला, पण होस्ट बाबा एकही शुक्रवार चुकवायचे नाहीत.

तर पत्र जरूर लिहा, पण ते मुलीनं स्वतः लिहावं, तुम्ही शेजारी बसा. आम्ही कॅथलिक आहोत, मला दर आठवड्याला मिस्साला जायला आवडेल, सर्वात जवळचं चर्च कुठं आहे आणि तिथं पोचायची काही सोय होईल का? तुमच्या चर्चमध्येही यायला आवडेल, फक्त प्रभुभोजन मी घेत नाही, त्याबद्दल गैरसमज नसावा. इतकं पुरे. आज कागदावर 'मी घेत नाही' लिहिलं की तिकडं तोंडानं म्हणणं तिला सोपं जाईल.

आणि एक छापील आधारही आहे. होस्ट कुटुंबाच्या अर्जात अमेरिकी सरकारनंच धर्माचे प्रश्न घालायला लावलेत. विद्यार्थ्यानं तुमच्यासोबत चर्चला यावं अशी अपेक्षा आहे का, वेगळ्या श्रद्धेचा विद्यार्थी घरात असला तर कुणाला अडचण आहे का. शिवाय तिथंच म्हटलंय की कुटुंब बोलावू शकतं, सक्ती करू शकत नाही. हे मुलीला माहीत असू द्या. वापरायची वेळ बहुधा येणार नाही, पण माहीत असलं की पाठ ताठ राहते.

नगरचा_बाप

सलाम ताई. आम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट), म्हणजे तुमच्या दृष्टीनं त्या बॅप्टिस्टांच्याच बाजूचे. तरी सांगतो, आमचं दुखणं चर्चच्या नावामुळे नव्हतं.

माझा मुलगा एजंटमार्फत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर एका खासगी ख्रिस्ती शाळेत गेला. माहितीपत्रकावर क्रूस, बायबलचं वचन, 'ख्रिस्ती कुटुंबात निवास'. मी वचन वाचलं आणि बाकीचं वाचलंच नाही. होस्ट कुटुंबाला आम्ही दरमहा पैसे देत होतो. वर्षात तीन घरं झाली. दुसऱ्या घरी तळघरात चार देशांची चार मुलं, जेवण म्हणजे फ्रीजमधलं डबाबंद ज्यानं त्यानं गरम करून खायचं. घरातले वरच्या मजल्यावर एकत्र जेवायचे. देवाचं नाव मात्र रोज घेतलं जायचं. पोरानं हे मला सात महिन्यांनी सांगितलं. का, तर पप्पांनी कर्ज काढलंय. तिसरं घर चांगलं मिळालं, एका निवृत्त बसचालकाचं, तिथं तो माणसात आला.

तुमचं जे-१ आहे हे वाचून बरं वाटलं. त्यात होस्ट कुटुंबाला पैसे मिळत नाहीत, घरातल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाची गुन्हेगारी नोंद तपासतात, संस्थेचा स्थानिक माणूस १२० मैलांच्या आत असावा लागतो आणि त्यानं दर महिन्याला मुलीशी आणि कुटुंबाशीही बोलायचं असतं. एफ-१ वाल्या मुलांच्या घरांना हे नियम लागू नाहीत, हे मला पैसे भरून झाल्यावर कळलं. इथं वाचणाऱ्या इतर पालकांनीही हातात कोणता कागद येतोय ते बघावं. डीएस-२०१९ म्हणजे जे-१, आय-२० म्हणजे एफ-१.

त्या स्थानिक माणसाचं नाव आणि नंबर मुलगी निघण्याआधी घ्या आणि एकदा स्वतः फोन करून बघा, उचलतो का.

इंडियानातली_वहिनी

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. आम्ही मूळचे साताऱ्याचे, हिंदू. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे जर्मनीहून एक कॅथलिक मुलगी दहा महिने राहिली. मी तिला रविवारी चर्चला सोडायचे आणि तासाभरानं आणायचे. गणपतीत ती आरतीला टाळ वाजवायची. प्रसादाच्या मोदकावर मात्र पहिल्या वर्षी, म्हणजे एकाच वर्षी होती ती, पहिल्या दिवशी अडखळली. मी म्हटलं, प्रसाद म्हणून नको असेल तर उद्या जेवणात वाढते. दुसऱ्या दिवशी पाच खाल्ले.

होस्ट आईला सगळ्यात अवघड काय जातं सांगू? मूल "आय ॲम फाइन" म्हणतं ते. ताट रिकामं, खोली आवरलेली, आणि काय चाललंय काही कळत नाही. रात्री दोनला मी तिच्या दाराबाहेर उभी राहिलेय, रडतेय का ऐकायला. तुमच्या मुलीनं स्पष्ट लिहिलेलं पत्र आलं तर त्या बाईला वाईट वाटणार नाही. हायसं वाटेल.

आणि आनंदीबाई जोशी आठवा. १८८३ मध्ये अमेरिकेत गेल्या त्या न्यू जर्सीत रोझेलला कार्पेंटर बाईंच्या घरी. आधी मदत मागितली तेव्हा मिशनवाल्यांची अपेक्षा धर्मांतराची होती. कार्पेंटर बाईंनी तो पत्रव्यवहार छापलेला वाचला आणि अशी काही अट न घालता स्वतःहून पत्र धाडलं. त्या स्वतः ख्रिस्ती होत्या. दोघींची ओळख पत्रांतूनच झाली, प्रत्यक्ष भेटण्याच्या कितीतरी आधी.

वसईची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तरीणबाई, तुमचं उत्तर सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. निळ्या बशीपाशी त्यांनी मला थांबवलं आणि तेवढं परत वाचायला लावलं.

मुलीनं रविवारी पत्र लिहिलं. मी शेजारी बसले होते, एक शब्द सांगितला नाही. प्रभुभोजनाचं वाक्य तिनं चार वेळा खोडलं आणि पाचव्यांदा ठेवलं. नगरच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे स्थानिक बाईंना फोन केला, दुसऱ्या रिंगला उचलला.

काल रात्री होस्ट आईचं उत्तर आलं. जवळचं कॅथलिक चर्च चौदा मैलांवर, शनिवारची मिस्सा साडेपाचला. त्यांच्या शेजारच्या आजी दर शनिवारी तिथंच जातात आणि त्यांना गाडीत सोबत हवीच आहे. शेवटी तिनं विचारलंय, मिस्साच्या आधी मुलगी जेवते की नंतर, म्हणजे शनिवारचा स्वयंपाक त्या बेतानं करता येईल.