आपल्या हातची पिशवी भाजीबाजारात दिसली! शिवणकामाचा छोटा धंदा करणाऱ्यांनो, अनुभव लिहा

हिरवा_दोरा
आज सकाळी मेथीच्या जुड्या निवडत होते, तर शेजारच्या काकूंच्या हातात एक पिशवी. जुन्या जीन्सची, आत फुलाफुलांचं अस्तर आणि बंदाच्या टोकाला चौकोनात फुली मारलेली टीप. ती टीप हिरव्या दोऱ्याची. निळी रीळ रात्री अकराला संपली होती, सकाळी पिशव्या द्यायच्या होत्या, म्हणून शेवटच्या दोन पिशव्यांना हिरवा दोरा लावला होता. माझीच पिशवी!

२०१८ ची आहे ती. जूनमध्ये प्लास्टिकबंदीचा दंड सुरू झाला आणि आमच्या सोसायटीतल्या एकीने "चार पिशव्या शिवून दे गं" म्हटलं, तिथून माझं सगळं सुरू झालं. काकूंना सांगितलं तर त्यांनी तिथेच कांदे ओट्यावर ओतून पिशवी उलटी करून दाखवली. तळाचा एक कोपरा विरलाय, तिथे त्यांनी साडीच्या फॉलचं ठिगळ लावलंय. बंद मात्र जागचा हललेला नाही. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

पहिली ऑर्डर, फसलेली ऑर्डर, पैशांचं, घरच्यांचं, काहीही लिहा.

मुगाची_उसळ
अंगावर काटा आला वाचताना. कुकर लावलाय, रात्री लिहिते.

काठपदर
माझी फसलेली ऑर्डर. हळदीकुंकवाच्या वाणासाठी खणाचे ४० पाऊच. गुलेदगुड्डचा अस्सल खण, गर्द हिरवा, लाल काठ. आत पांढरं सुती अस्तर. दिसायला इतके गोड की देताना जीवावर आलं. एका ताईंच्या पाऊचवर पाणी सांडलं आणि लाल काठ अस्तरात उतरला. मग दुसरीचा फोन, तिसरीचा.
निम्मे पैसे परत केले आणि तीन रात्रीत दुसरे शिवून दिले. नणंद शेजारी बसून एकेक पाऊच उलटा करत होती आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने कोपरे बाहेर काढत होती. एका शब्दाने बोलली नाही. ती आज माझी भागीदार आहे.
तेव्हापासून प्रत्येक खणाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघते. आणि अस्तराचं सुती कापड आधी धुवून, वाळवून, इस्त्री करून मगच कात्री लावते. आटायचं ते आधीच आटू दे.

मुगाची_उसळ
नणंदेला माझा नमस्कार सांग 🙏

शिंप्याचा_मुलगा
बाबांचं तालुक्याला शर्ट-पँटचं दुकान होतं. रेडीमेडने ते गेलं, मशीन राहिलं. मी पिशव्या नाही करत. मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियन लोकांसाठी पान्यांच्या गुंडाळ्या करतो, जाड कॅनव्हासच्या. मापाप्रमाणे कप्पे, वरून झाकण, बांधायला नाडी. पहिली मोठ्या भावाच्या मित्राला करून दिली, त्याने गॅरेजमध्ये टांगली, तिथून तोंडोतोंडी.
सुई १८ नंबरची लावा, १४ ची कॅनव्हासवर वाकते आणि टाके सुटतात. टाका मोठा ठेवा. चार पदर एकत्र येतात तिथे मोटर बंद करून चाक हाताने फिरवा. बाबा हे सांगून सांगून थकले होते, आता मी पुतण्याला सांगतो.

नवी_मशीन
चर्चेच्या विषयाशी संबंध नाही, सॉरी, पण माणसं इथेच भेटतील. खालून दोऱ्याचा गुंता होतोय, दहा टाक्यांनी दोरा तुटतो. कालपर्यंत ठीक होतं.

काठपदर
वरचा दोरा काढून परत ओव. ओवताना दाबपट्टी (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) वर असू दे, नाहीतर दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या चकत्यांत बसतच नाही. गुंता खाली दिसला तरी चूक बहुतेक वर असते.

शिंप्याचा_मुलगा
आणि सुई बदला. बॉबिन केसमध्ये, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीत, कापूस अडकलाय का तेही बघा.

वहीतला_हिशेब
पैशांचं मी लिहिते, कारण त्यावर कोणी बोलत नाही.
चेनवाली मोठी पिशवी. कापड ७०, अस्तर २५, बंदाची पट्टी २०, चेन आणि रनर (चेन उघडझाप करणारा सरकता तुकडा) १५. झाले १३०. कापण्यापासून दोरे तोडेपर्यंत दीड तास. विकत होते १८० ला. म्हणजे दीड तासाचे ५० रुपये, त्यात वीज, सुया, बाजारात जायचं रिक्षाभाडं धरलेलंच नाही. दोन वर्षं अशीच शिवली मी. एक दिवस मुलीने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. म्हणाली, आई, तू लोकांना पैसे देऊन पिशव्या वाटतेयस.
आता ३२० घेते. "एवढे? घरीच तर शिवता ना!" हे आठवड्यातून एकदा ऐकते. पूर्वी गप्प बसायचे. आता सांगते, हो, घरीच शिवते, आणि या घराचं भाडं मीही भरते. निम्म्या बायका गेल्या. उरल्या त्या दर दिवाळीला येतात आणि भाव करत नाहीत. बायांनो, आपली मजुरी हिशेबात धरा. ती शेवटी उरते त्यात भागवायची गोष्ट नाही.

हिरवा_दोरा
@वहीतला_हिशेब, तुझ्या लेकीला जवळ घ्यावंसं वाटतंय.

लसूणचटणी
+१. आमच्याकडे तर नातेवाईक "आपल्यातल्या आपल्यात काय पैसे" म्हणतात. आतेसासूबाईंनी सहा मोबाईल पाऊच नेले, वर म्हणाल्या चेन जरा गुळगुळीत लाव पुढच्या वेळी.

मुगाची_उसळ
झालं आवरून. माझं २०२० चं.
माझी शिवणाची शिकवणी होती घरी, लॉकडाऊनमध्ये बंद पडली. शेजारच्या डॉक्टरांनी मास्क मागितले. तीन पदरी, सुती. इलॅस्टिक कुठेच मिळेना, दुकानंच बंद. मग परकराच्या नाड्या! मागे बांधायचे मास्क केले. सासूबाई नाड्या मापाने कापायच्या, हे इस्त्री करायचे, मी टीप मारायचे. पहिले २०० तसेच वाटले, मग लोकच पैसे देऊ लागले. त्या तीन महिन्यांत घर मशीनवर चाललं. यांचा पगार निम्मा झाला होता, हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं. आज पहिल्यांदा लिहितेय.

काठपदर
❤️

शिंप्याचा_मुलगा
ताई, सलाम.

दूरदेशी
न्यू जर्सीतून. मी पोळ्या गुंडाळायचे बटवे करते. गोल, आत सुती पंचा, मध्ये कापसाचा पातळ थर, वरून चौकड्यांची शिवण. इथल्या थंडीत पोळी ताटात येईपर्यंत गार होते, त्यावरून सुचलं. आईच्या जुन्या सुती साड्या सुटकेसमधून आणल्या होत्या, पहिले बटवे त्यांचेच. गणपतीत मंडळाच्या स्टॉलवर ठेवते. शेजारची मेक्सिकन आजी त्यात टॉर्टिया ठेवते, तिच्या तीन मुलींनाही तिने घेतले. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, माझ्या साडीने बरीच पोटं बघितली.

नवी_मशीन
दाबपट्टीचं केलं, अजून तुटतोय 😭

वाकळ
आमच्या बचत गटाच्या चौघी गोधड्या करतो. आमच्याकडं वाकळ म्हणतात. वांद्र्याला महालक्ष्मी सरसला, बचत गटांच्या प्रदर्शनाला, पहिल्यांदा गेलो तेव्हा दोनच वाकळी नेल्या होत्या, भीती होती की शहरात कोण घेणार. पहिल्या दिवशी दुपारीच संपल्या. एक बाई हातात घेऊन उभीच राहिली, टाक्यांवरून बोटं फिरवत. म्हणली, माझ्या आज्जीचा टाका असाच तिरका जायचा. पैसे देताना रडत होती. एका वाकळीला आम्हाला पंधरा दिवस लागतात, घरचं आणि शेतातलं बघून. आता उरलेल्या तुकड्यांची बाळाची दुपटी आणि लॅपटॉपची कव्हरंपण करतो. लॅपटॉपची कव्हरं पोरींनी सुचवली.

लसूणचटणी
वाकळताई, सिंगल बेडची केवढ्याला? व्यक्तिगत निरोप पाठवते.

चेनवाली
पुण्यात रोल चेन आणि सुटे रनर कुठे घेता? रविवार पेठ सोडून. तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.

वहीतला_हिशेब
रविवार पेठच गं. बसने जा, सकाळी अकराच्या आधी. मुंबईच्या असाल तर मंगळदास मार्केटला कापड आणि भुलेश्वरला लेस-बटणं, एका फेरीत होतं.

रेक्झिनवाला
रेक्झिन शिवणाऱ्यांसाठी: टाचण्या लावू नका, भोकं कायमची राहतात. कपडे वाळवायचे चिमटे लावा. दाबपट्टी चिकटत असेल तर वरून पातळ कागद ठेवून शिवा, नंतर फाडून काढा.

चेनवाली
@रेक्झिनवाला, चिमट्यांचं आजच करून बघते! आणि जीएसटीचं कुणाला माहितीय का? ॲमेझॉनसारख्या साइटवर विकायचं म्हटलं की सगळे घाबरवतात.

रेक्झिनवाला
फक्त वस्तू विकत असाल आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात नोंदणी लागत नाही. साइटवरून विकायला पूर्वी पहिल्या रुपयापासून लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना त्यातून सूट आहे, फक्त जीएसटीच्या पोर्टलवर एनरोलमेंट नंबर घ्यायचा. परराज्यात पाठवायचं असेल तर सीएला विचारा.

काठपदर
हिरवा दोरा, त्या काकूंचं पुढे काय झालं?

हिरवा_दोरा
बुधवारी बाजारात परत भेटायचं ठरलंय. पिशवी घरी आणून तो कोपरा उसवून नीट करून देणार आहे, आतून डेनिमचाच तुकडा लावून. आणि बंदाची हिरवी टीप काढून निळी मारू का, असं विचारलं त्यांना.

काठपदर
मग?

हिरवा_दोरा
म्हणाल्या, हात लावू नकोस. गर्दीत माझी पिशवी मी त्या हिरव्या फुलीवरूनच ओळखते.

मुगाची_उसळ
🥹

नवी_मशीन
मिळालं! बॉबिन उलटी बसवली होती. सगळ्यांचे आभार, आता पडद्यांची ऑर्डर पूर्ण करते.